शिकवणीच्या पाटीमागचं घर

९ नोव्हेंबर, रविवार

सात महिने तुला हात लावला नाही, वही, त्याबद्दल माफ कर. लिहिण्याजोगं काही घडलं नाही असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण हे की लिहिलं असतं तर पुन्हा वाचावं लागलं असतं. आज मात्र टाळून चालणार नाही. परवा माझं ऑपरेशन आहे. गर्भाशयात गाठ आहे. डॉक्टर म्हणाल्या, "नेहमीचंच आहे हो." त्यांचं नेहमीचं असेल, माझं पहिलंच आहे. वकीलबाईंनी सांगितलं की मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्वतःच्या हातचं असलं तर उत्तमच, फक्त खाडाखोड नको. म्हणून तुझीच पानं वापरते. लिहून झालं की फाडून त्यांच्याकडे देईन. तू रागावू नकोस. रागवायचं काम आज माझ्याकडे आहे.

मी, या पानांच्या शेवटी जिची सही आहे ती, वय पंचेचाळीस, शिक्षण पदवीपर्यंत, अविवाहित, राहणार याच घरात, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. चहा झालेला आहे, औषधांत गुंगीचं काही नाही आणि पाठीशी उभं राहून कोणी मजकूर सांगत नाही. मला राग आलेला आहे, तो मात्र लपवत नाही. वकीलबाईंना विचारून घेतलं. रागात केलेलं मृत्युपत्र चालतं, भ्रमात केलेलं चालत नाही. याआधी मी असा कुठलाही कागद केलेला नाही. माझ्या धाकट्या भावाने तीन आठवड्यांपूर्वी आणलेल्या बक्षीसपत्रावर मी सही केलेली नाही. तशी सही असलेला कागद माझ्यामागे कधी निघाला, तर ती सही माझी नव्हे.

कलम पहिले : माझा व्यवसाय

वरच्या ओळीत व्यवसाय आला नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. त्याला वेगळं कलम लागतं, आणि का लागतं ते दुसऱ्या कलमात कळेल.

मी वीस वर्षं धंदा केला. वकीलबाईंनी 'शरीरविक्रय' हा शब्द सुचवला होता. पण शरीर मी कोणाला विकलेलं नाही. ते अजून माझ्याकडेच आहे, त्यात गाठ आहे आणि परवा ते कापणार आहेत. मी वेळ विकला, आणि पदवी विकली. ग्राहकाला पुढचं सगळं तेच हवं असायचं जे गल्लीत मिळतं, पण आधी दहा मिनिटं बोलायला कोणीतरी शिकलेलं लागायचं. त्या दहा मिनिटांमुळे माझा भाव दुप्पट होता.

आमच्या कामात प्रत्येकीकडे एक आडोसा असतो. गल्लीतल्या बायका कागदावर 'शिवणकाम' लिहितात, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक खोलीत एक शिवणयंत्र असे, बहुतेक बिनसुईचं. कोणी चौकशीला आलं की त्यावर एक कापड टाकायचं. आम्ही फ्लॅटमध्ये बसणाऱ्या 'शिकवणी' लिहितो. माझ्या दारावर वीस वर्षं पत्र्याची पाटी आहे : शिकवणी, गणित व भाषा, फक्त मुलींसाठी. घरात एक फळा आहे आणि खडूंचा डबा. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा खरोखरच मुलीला पाठवलं. नाही कसं म्हणणार? वर्षभर मी तिला अपूर्णांक शिकवले. एकदा ती निघायच्या आणि एक गृहस्थ यायच्या वेळेचा घोळ झाला. जिन्यात तिच्या आईने त्यांना विचारलं, "तुमची कितवीत आहे हो?" ते बिचारे म्हणाले, "सातवीत." पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. मुलगी पास झाली. माझ्या हातून तेवढीच शिकवणी झाली आहे, ती इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

बाकी वीस वर्षांत मी शिकवणीतून काहीही कमावलेलं नाही. हे वाक्य न्यायालयात मोठ्याने वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

कलम दुसरे : हे घर

हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची अर्धी गॅलरी, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी धंद्याच्या पैशातून घेतलं. वडिलांचा एक पैसाही त्यात नाही. वडील कारकून होते. निवृत्तीला मिळालेल्या त्यांच्या रकमेतून भावाची औषधशास्त्राची फी गेली. ती पुरली नाही तेव्हा उरलेली मी भरली. त्याच्या दुकानाची अनामत मी भरली. वडिलांचं शेवटचं आजारपण मी भरलं. 'ताई शहरात प्राध्यापक आहे' असं त्याने सासरी सांगितलं, तेही मी चालवून घेतलं, कारण ऐकायला बरं वाटलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तो आला. हातात फळं आणि बगलेत फाइल. बूट न काढता बाहेरच्या खोलीत बसला. या घरात तो बूट काढत नाही.

"ताई, मी तुझ्या भल्याचंच सांगतोय."

"सांग ना."

"उद्या काही बरंवाईट झालं, तर ती आत आहे ती बाई घर बळकावून बसेल."

"सहा वर्षं बसलेलीच आहे. उठवणारा तू कोण?"

"म्हणून तर म्हणतो. हयातीतच माझ्या नावावर करून टाक. कागद स्वच्छ राहतो."

कागद स्वच्छ राहतो. माझ्या पैशाने ज्याचं दुकान स्वच्छ राहिलं, तो हे म्हणाला. मी विचारलं, "आणि नाही केली सही तर?"

तो अगदी हळू बोलला. हळू बोलायला तो आमच्या वडिलांकडून शिकला. "तर मग विचारतील ना, घर कशातून घेतलं म्हणून. काय सांगशील? तुझ्या दारावर शिकवणीची पाटी आहे. बँकेत शिकवणी, कराच्या कागदात शिकवणी. चार पोरींच्या शिकवणीतून शहरात घर होतं का, ताई? कोणीही म्हणेल, बाबांच्या पैशातून झालं. बाबांचं असेल तर मग ती बाई मध्ये कुठून आली?"

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"नाही सांगणार तू," तो हसला. "तुला आपल्या नावाची काळजी आहे."

मी त्याला रागाने बाहेर काढलं नाही. चहा दिला. तो चहा देणारा हात मला तीन आठवडे खुपतो आहे. माझा आडोसा, जो मी वीस वर्षं जपला, पुसला, पावसाळ्याआधी रंगवला, तोच याने उपसला आणि माझ्यावर धरला. असली चूक फक्त आमच्यासारखीच करू शकते. चोर निदान चोरीच्या मालाची खोटी पावती करून ठेवतो. आम्ही स्वतःच्या कष्टाच्या मालाची खोटी पावती केली.

म्हणून पहिलं कलम. ते एकदा कागदावर आलं की वडिलांचा पैसा आपोआप घराबाहेर जातो. माझं नाव जातं का? जाऊ दे. नावावर घर होतं, नावात घर नव्हतं.

सबब, हे घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्यामागे इथे माझ्याबरोबर राहणाऱ्या शिवणवालीचं होईल. ती हयातभर राहो, विको, भाड्याने देवो, तिची मर्जी. भावाचा, भावजयीचा किंवा आमच्या कुळातल्या इतर कोणाचाही त्यावर हक्क पोचत नाही.

कलम तिसरे : शिवणवाली कोण, आणि तिलाच का

न्यायाधीश विचारतील, ही तुमची कोण? नात्याने कोणीही नाही. गल्लीतली आहे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी.

आम्ही फ्लॅटवाल्या स्वतःला धंद्यातल्या समजत नसू. धंदा गल्लीतल्या करायच्या, आम्ही 'भेटी' घ्यायचो. त्यांना आजार व्हायचे, आम्हाला ताण यायचा. गल्लीतून जाताना आम्ही टॅक्सीची काच वर करायचो. आमची कमाई मोठी आणि खर्च त्याहून मोठा, कारण महागडं दिसणं हेच आमचं भांडवल, आणि ते दर महिन्याला पुन्हा विकत घ्यावं लागतं. गल्लीत वय झालं की भाव उतरतो. फ्लॅटमध्ये वय झालं की फोन बंद होतो. उतरलेल्या भावात दोन घास मिळतात, बंद फोनवर काही मिळत नाही. हे गणित मला कोणी कॉलेजात शिकवलं नाही, आणि कोणी सांगितलं असतं तर मी काच वर केली असती.

माझा फोन बंद झाला तेव्हा घराचे हप्ते संपायला दोन वर्षं होती. एका दुपारी मी गल्लीत जाऊन उभी राहिले. चांगली साडी, चांगली चप्पल. गल्लीत सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक आहे, तिला जमादारीण म्हणतात. ती पायरीवर बसून नखं कापत होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आल्या का बाई? शाळा सुटली वाटतं."

सगळ्या हसल्या. शिवणवाली तिच्या खिडकीत होती. तीही हसली, मग म्हणाली, "हसलात ना, झालं. आता पटावर घ्या तिला." आणि मला म्हणाली, "अशी उभी राहू नको गं. बस चुकल्यासारखी दिसतेस."

तिने तिची खिडकी मला रोज दुपारची दिली. भाडं मागितलं नाही. मी कारण विचारलं, कारण मला फुकटचं काही पचत नाही. ती म्हणाली, "दुपारी मी झोपते. रिकामी खिडकी काय लोणच्याला घालायची?" उरलेले हप्ते त्या खिडकीतून फिटले. म्हणजे या घराची शेवटची दोन वर्षं तिची आहेत. पण मी घर तिला त्या बदल्यात देत नाही. बदल्याची गोष्ट निघाली तर भाऊही वजनकाटा घेऊन येईल. मी देते कारण घर माझं आहे आणि मला तिला द्यायचं आहे. एवढं कारण पुरुषांच्या मृत्युपत्रांना पुरतं.

मग मालकाने तिची खोली विकली आणि ती तिचं यंत्र घेऊन इथे आली. इमारतीच्या समितीने विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "शिवणकाम करतात." समिती खूश. आठवड्याभरात शेजारणी कपडे घेऊन हजर. हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती ते कपडे गुपचूप बाजारातल्या शिंप्याकडून पूर्ण दराने शिवून आणायची आणि शेजारणींना कमी दरात द्यायची. वर्षभर पदरचे पैसे घातले. इमारतीत बोलबाला झाला, काय हात आहे हो बाईचा. शेवटी तिने जाहीर केलं की आपली नजर गेली.

ती आत्ता चहा ठेवून गेली. किती पानं झाली ते पाहिलं आणि म्हणाली, "परवा ऑपरेशन आहे की परीक्षा?" यात तिचं काय लिहिलं आहे ते तिला माहीत नाही. आधी सांगितलं तर ती नको म्हणेल. कोणी काही द्यायला लागलं की ती नको म्हणते, मग रात्रभर जागी राहते.

कलम चौथे : ठेवी

बँकेतली रक्कम जी काही असेल ती, इस्पितळाचं बिल देऊन उरलेली, गल्लीतल्या पेटीला. ही पेटी जमादारीण सांभाळते. प्रत्येकीने दर आठवड्याला टाकायचं, आजारपणात काढायचं. दहा वर्षांपूर्वी, माझा फोन चालू होता तेव्हा, जमादारणीने आम्हा फ्लॅटवाल्यांनाही त्यात बोलावलं होतं. आमची बैठक झाली. मी पैसे मोजून घेऊन गेले होते. एक म्हणाली, "तिथे आपलं नाव कोणाच्या खाली येईल याचा विचार करा." आणि सगळ्यांनी खरंच विचार केला. जे पुरुष दोन्हीकडे जातात त्यांना कधी हा प्रश्न पडलेला मी ऐकला नाही.

अट एवढीच, की फ्लॅटवाली आजारी पडून आली तर तिलाही या पेटीतून मिळावं. एकदा जमादारणीने तिला शाळेवरून टोमणा मारावा आणि मग द्यावं.

कलम पाचवे : किरकोळ जंगम

पदवीचं प्रमाणपत्र, काचेच्या चौकटीसह, भावाला. बहीण प्राध्यापक असल्याचा पुरावा त्याच्या दुकानात टांगायला होईल. याखेरीज त्याला काही नाही. त्याला विसरून वगळलेलं नाही, आठवून वगळलेलं आहे.

भावजयीला काही नाही. ती माझ्याकडे पाणी पीत नाही. माझ्या पैशाचं कपडे धुण्याचं यंत्र मात्र तिच्याकडे पाणी पितं. हे लिहून मी पाच मिनिटं थांबले. भावजयीने मला तोंडावर कधी दुखावलेलं नाही, आणि तिच्या घरात तिचं काय चालतं हे मला ठाऊक नाही. ओळ खोडावी असं वाटलं. पण खाडाखोड चालत नाही, आणि ओळ खरी आहे.

फळा आणि खडू वरच्या मजल्यावर द्यावेत. ती मुलगी आता स्वतः शिकवते असं ऐकलं.

कपाटातल्या चांगल्या साड्या, अत्तरं, उंच टाचांच्या चपला मॅडमला. मॅडम म्हणजे माझ्याबरोबरची फ्लॅटवाली, बैठकीत ते वाक्य बोललेली तीच. साड्यांबरोबर एक जाहीर प्रश्न. मॅडम, तुझ्या सगळ्या ठेवी तू तुझ्याकडे नेहमी येणाऱ्या त्या साहेबांच्या नावावर ठेवल्यास, कारण त्यांचं नाव अब्रूदार. बँकेत तुला 'व्यवसाय' विचारू नये म्हणून तू पंधरा वर्षांची कमाई त्यांच्या बायकोच्या घरात नेऊन ठेवलीस. साहेब गेले तर कोणाच्या दारात जाशील? मला भाऊ भेटला, तुला साहेब. आपण दोघी गल्लीकडे बघून नाक मुरडत होतो, आणि गल्लीतल्यांच्या पेटीची चावी निदान त्यांच्याच कमरेला आहे.

कलम सहावे : माझा देह

परवा काही झालं तर इस्पितळाने माझा देह शिवणवालीच्या ताब्यात द्यावा. अंत्यविधी साधा, तिला झेपेल तसा. भावाला यायचं असेल तर यावं, बूट काढून.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

मजकूर इथे संपला. पुढचं साक्षीदारांसमोर घडलं तसं लिहिते, म्हणजे त्यांनी वाचून सही केली याबद्दल शंका राहू नये.

साड्यांवरून कोणी भांडणार नाही, पण घर जिला मिळतं तिने साक्षीदार न झालेलं बरं असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून दुपारी शिवणवालीला इस्पितळासाठी चपला आणायला बाजारात पाठवलं. डॉक्टरांना साक्षीला विचारलं होतं, त्यांनी इस्पितळाच्या धोरणाचं कारण सांगितलं. बँकेचे व्यवस्थापक जुने ग्राहक, त्यांनी फोन उचलला नाही. मॅडमने आधी नाही म्हटलं होतं. "माझी सही त्या जमादारणीच्या शेजारी नको गं." तरी तीनला आली, काळा चष्मा लावून. जमादारीण तिच्याआधीच येऊन खुर्चीवर मांडी घालून बसली होती.

वकीलबाईंनी दोघींना पानं वाचायला दिली. पहिल्या कलमाशीच मॅडम थांबली. "हे तू असंच लिहिणार? उद्या मला विचारलं, तुमची यांची ओळख कशी, तर मी काय सांगू?"

"सांग, एकाच शाळेत होतो," जमादारीण म्हणाली. "तू वरच्या वर्गात, मी खालच्या. परीक्षक तेच."

वकीलबाई हसल्या. मॅडम हसली नाही. ती पुढे वाचत गेली. पाचव्या कलमाशी आल्यावर तिने चष्मा काढला. मला वाटलं आता पानं माझ्या अंगावर फेकणार. हे मी तिला खासगीत सांगायला हवं होतं का? कदाचित. पण खासगीत आम्ही फक्त साड्यांबद्दल बोलत आलो.

ती माझ्याशी बोललीच नाही. वकीलबाईंना विचारलं, "साहेब गेले, तर त्या ठेवी कोणाला?"

"त्यांच्या वारसांना."

"आणि मी सांगितलं की माझ्या आहेत?"

"कशातून आल्या ते सांगावं लागेल."

मॅडमने पानं जुळवली. मग पर्समधून स्वतःचं पेन काढलं. "साड्या मला नकोत," मला म्हणाली. "तुझ्या निवडीला कधीच रंग कळला नाही." आणि सही केली. जमादारणीच्या सहीखाली दोन ओळी मोकळ्या सोडून. त्या दोन ओळी बघून मला संताप आला आणि हसूही आलं. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याला त्याने काही बाधा येत नाही.

जमादारीण म्हणाली, "सोड की चार. कागद हिच्या बापाचाच नाहीये, हेच तर सिद्ध करायचंय."

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

लिहून ठेवणारी : (सही) व्यवसाय : धंदा, वीस वर्षे. आता निवृत्त.

साक्षीदार पहिली : (सही) गल्लीतली जमादारीण. व्यवसाय : सवयीने 'शिवणकाम' लिहायला निघाली, 'शि'वर थांबली आणि पुढे 'नाही' असं लिहून मोकळी झाली. वकीलबाईंनी शेजारी स्वच्छ अक्षरात खरं लिहून घेतलं आणि तिची दुसरी सही घेतली.



साक्षीदार दुसरी : (सही) मॅडम. व्यवसाय : 'वरीलप्रमाणे.'

ठिकाण : माझं घर, बाहेरची खोली. दिनांक : ९ नोव्हेंबर.

सगळ्या गेल्यावर शिवणवाली चपला घेऊन आली. तीन कप पाहिले. "कोण आलं होतं गं?"

"पालकसभा होती."

"मग? पास झालीस का?"

तिला अजून सांगितलेलं नाही. पण पानं फाडून वकीलबाईंकडे देताना एक गोष्ट लक्षात आली. आत खरं लिहिलं आहे आणि दारावर अजून खोटं टांगलेलं आहे.

उद्या : पेचकस शोधून दारावरची पाटी काढणे.